सरांचं ऐकू की मॅडमचं?

ताई, नमस्कार.

मी माण तालुक्यातली. नाव छापू नका. बारावीचा निकाल लागला, पास झाले. जूनच्या शेवटी पुण्याला चालले आहे. खेळाच्या कोट्यातून कॉलेजला प्रवेश मिळतोय आणि तिथल्या एका मॅडमनी त्यांच्या ग्रुपमध्ये सरावाला घेतलंय. तीन हजार मीटरचं माझं टायमिंग १० मिनिटं ५२ सेकंद आहे, मातीच्या ग्राउंडवर.

मॅडमनी जाईपर्यंतचं शेड्यूल पाठवलंय. त्यात नुसतं सावकाश पळणं आहे. आमचे शाळेचे सर मला सातवीपासून एक रुपयाही न घेता शिकवतात. ते म्हणतात, हे म्हातारीचं पळणं आहे, अशी गेलीस तर तिथल्या पोरी पहिल्याच दिवशी तुला धुऊन काढतील. ते आठवड्यातून तीनदा चारशेचे राउंड मारायला लावतात. जूनच्या तिसऱ्या रविवारी तालुक्याला दहा किलोमीटरची रोड रेस आहे, पहिलं बक्षीस पाच हजार. फ्लेक्सवर माझा फोटोही लागलाय. मी सध्या सकाळी मॅडमचं करते आणि संध्याकाळी सरांचं. डाव्या नडगीत दुखतं, पण कुणाला सांगितलेलं नाही.

पहाटे बाबा गाडी घेऊन मागून येतात, त्याची आता लाज वाटते. रात्री झोप लागत नाही. प्रत्येक गोष्ट शेवटची वाटायला लागलीय, आईनं भाकरी थापली तरी रडू येतं. कुणाचं ऐकू? आणि पुढे पंधराशे करू की तीन हजार? तिथे मी सगळ्यात मागे राहिले तर?

ता. क. आजी हळिवाचे लाडू देणार म्हणते. होस्टेलला चालतात का?

---

आधी नडगी. सर आणि मॅडम थोडा वेळ थांबतील.

एवढ्या मोठ्या पत्रात या दुखण्याला तू एक ओळ दिलीस, तीही फ्लेक्सच्या नंतर. उद्या पळायला जाण्याआधी ओट्यावर बस. घोट्याच्या आतल्या बाजूपासून सुरुवात कर आणि नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्यानं दाबत दाबत गुडघ्याकडे जा. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे ठसठसत असेल, पळायला लागल्यावर थोड्या वेळानं कमी होत असेल आणि घरी आल्यावर पुन्हा जाणवत असेल, तर मैदानावर सगळे ज्याला शिन पेन म्हणतात ते हेच. त्रासदायक, पण आटोक्यातलं. मात्र एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, अंगठा टेकताच 'आई गं' निघत असेल, डाव्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल किंवा रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणकत असेल, तर त्या क्षणापासून पळणं बंद. सावकाशसुद्धा नाही. साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि सांगायचं की मी दिवसातून दोनदा पळते. हाडाला बारीक चीर गेली असली तरी पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर खूश होऊन परत यायचं नाही. दुखतं ती जागा बोट ठेवून दाखवायची. गरज वाटली तर ते एमआरआय करायला सांगतील.

पहिल्या प्रकारचं असेल तर संध्याकाळचं पळणं आजपासून थांबव. सकाळचं डांबरावरून उचलून मातीवर ने, आणि आठ-दहा दिवस निम्मं कर. घरी आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लाव. घराच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, पंधरा-पंधरा वेळा, तीनदा, रोज. पोटऱ्या बळकट झाल्या की नडगीवरचा भार कमी होतो. आणि आईला सांग. तिला शिन पेन म्हणजे काय ते कळणार नाही, पण तू लंगडतेस का हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच दिसत नाही.

आता हे दुखणं आलं कुठून? सर चुकीचे म्हणून नाही आणि मॅडम चुकीच्या म्हणूनही नाही. दोघांचं शेड्यूल वेगवेगळं केलं असतंस तर दोन्ही पेलली असतीस. मॅडमनी 'सावकाश' लिहिलं तेव्हा तुझी संध्याकाळ रिकामी आहे असं धरून लिहिलं. सरांनी राउंड दिले तेव्हा तुझी सकाळ रिकामी आहे असं धरून दिले. तुझ्या पायावर किती भार पडतोय हे तुझ्या आजूबाजूच्या एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नाही. दोघांनाही न दुखावण्याची ही युक्ती आहे, आणि तिची किंमत तुझी नडगी मोजतेय.

यात एक फसवणूक अशी की तुला दमल्यासारखं वाटत नसणार. श्वास लागत नाही, छाती भरून येत नाही, उलट 'मी चांगली फिट आहे' असं वाटत असेल. तुमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत, म्हणून सांगते. दम वाढतो तो मेथीसारखा, महिन्याभरात हाताला लागतो. हाडं आणि स्नायूबंध डाळिंबासारखे, त्यांचं त्यांना जेवढे महिने लागायचे तेवढे लागतातच, वरून कितीही पाणी सोड. त्यामुळे अठराव्या वर्षी पोरींचा दम पुढे पळतो आणि हाडं मागे राहतात. पुण्यात गेल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत हे अंतर आणखी वाढणार आहे: किलोमीटर वाढतील, मातीऐवजी सिंथेटिक ट्रॅक येईल, बरोबरीच्या पोरी तुझ्यापेक्षा वेगवान असतील, मेसचं जेवण अंगी लागायला वेळ जाईल. नव्या मुली तिथे पहिल्याच पावसाळ्यात पायाला पट्टी बांधून कठड्यावर बसलेल्या दिसतात ते याचमुळे. त्यांच्यात तू नको, म्हणून मॅडमनी ते कंटाळवाणं शेड्यूल पाठवलंय.

तर उत्तर: मॅडमचं ऐक. पुढची काही वर्षं तुझं पळणं ज्या बघणार आहेत, या आठवड्यांची जबाबदारीही त्यांचीच.

'म्हातारीचं पळणं' हा शब्द मला आवडला, पण ते काम म्हातारीचं नाही. सावकाश पळण्यातही हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, साठवलेली चरबी जाळण्याची सवय लागते. चारशेच्या राउंडमध्ये तू जी आग ओततेस ती याच पायावर उभी राहते. फक्त सावकाश म्हणजे खरंच सावकाश. तुझ्या टायमिंगला किलोमीटरला साडेपाच मिनिटं लागली तर उत्तम, सहा लागली तरी बिघडत नाही. कसोटी साधी आहे: पळता पळता मैत्रिणीला कालच्या मालिकेत काय झालं ते पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. तुकड्या-तुकड्यात बोलावं लागलं तर वेग जास्त. मोबाईलमधलं अॅप या आठवड्यांपुरतं काढून टाक, आकडा दिसला की पाय ऐकत नाहीत. शेवटी शंभर मीटरच्या सहा स्ट्राइड्स, म्हणजे थोड्या वेगानं पळायचे छोटे तुकडे, मॅडमनी दिले असतील, त्या मात्र मन लावून मार. जोर लावून नाही, मोकळ्या पायानं. दोन स्ट्राइड्सच्या मधे चालत परत यायचं, पूर्ण श्वास घ्यायचा. वेगाची ओळख विसरू नये एवढ्यासाठीच त्या असतात.

उन्हाचं तुला काय सांगायचं, माणदेशातलीच तू. तरी सव्वापाचला घर सोड, सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि पाऊण तासात चटका बसायला लागतो. घाम जास्त जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ करून ठेव. रंगीत बाटल्यांपेक्षा स्वस्त आणि कामाचं. वळीव झाला की दुसऱ्या दिवशी रानातल्या वाटेवर पाय घसरतो, तेव्हा शाळेच्या ग्राउंडवर गोल गोल फिर. कंटाळा येईल. येऊ दे.

आता सर.

त्यांना हे व्हॉट्सअॅपवर कळवू नकोस. शाळेच्या वेळात, दहा पोरं भोवती असतानाही नको. संध्याकाळी घरी जा, वहिनी चहा ठेवतील, तो होऊ दे. मग सांग की सर, नडगी दुखतेय, मी तुम्हाला न सांगता दोन्हीकडचं करत होते, आता मॅडमच्या शेड्यूलवर राहते. एवढंच. 'मॅडम म्हणतात तुमची पद्धत जुनी आहे' असलं काही चुकूनही नको. सातवीतली, अनवाणी पळणारी पोर उचलून त्यांनी १०:५२ पर्यंत आणली, मातीवर, स्टॉपवॉच स्वतःच्या खिशातून घेऊन. तालुक्याच्या गावात अशी माणसं अजून आहेत म्हणून महाराष्ट्रात पळणारी मुलं तयार होतात. ते नाराज होतील. कदाचित आठवडाभर बोलणार नाहीत. सातवीपासून रोज समोर असणारी पोर परगावी चालली की माणूस शेड्यूलवरून भांडतो. दुसऱ्या कशावरून भांडायची सोय नसते.

आणि निघताना त्यांच्याकडे एक गोष्ट माग: त्यांची वही. असे सर वही ठेवतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुठल्या तारखेला किती राउंड, कितीत, तेव्हा ताप होता की परीक्षा होती, सगळं त्यात असतं. तुझ्या पानांचे फोटो काढून घे आणि मॅडमना दे. नव्या कोचसाठी त्याहून मोलाचा कागद नाही. मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात तुझं टायमिंग अचानक घसरलं हे मॅडमना त्यातून एका नजरेत कळेल. सरांनाही कळेल की त्यांचं काम पुण्याला चाललंय.

रेस पळायची नाही. यात मी घासाघीस करणार नाही. जूनमधलं दमट हवामान, डांबर, दहा किलोमीटर, दुखरी नडगी, आणि निघायला जेमतेम आठवडा. जीव काढून पळलेल्या दहा किलोमीटरनंतर पाय पूर्ववत व्हायला तेवढा आठवडा सहज जातो, म्हणजे तू मॅडमसमोर थकलेले पाय घेऊन उभी राहशील. 'नुसती सावकाश पळते' हाही पर्याय नाही, कारण शिट्टी वाजल्यावर तू सावकाश पळणार नाहीस. तुलाही माहीत आहे.

पण फ्लेक्सचं काय? आपल्याकडे बारशापासून दहाव्यापर्यंत फ्लेक्स लागतो, तेव्हा एका फ्लेक्सचा एवढा धसका घेऊ नकोस. तरी सरांचा शब्द अडकलाय, तो सोडवायला हवा. अशा रेसमध्ये बहुधा लहान मुलींची दोन-तीन किलोमीटरची शर्यत असते. सरांना सांग, मी त्या पोरींना घेऊन पळते. सहावी-सातवीच्या मुलींच्या वेगात, त्यांच्या मधोमध, फ्लेक्सवर फोटो असलेली ताई. पहिल्या दोनशे मीटरमध्ये सगळ्या सुसाट सुटतात आणि अर्ध्यात पोटात कळ येऊन थांबतात, त्यांना तू आवरून धर. सरांना पुढची खेळाडू कदाचित त्यातूनच मिळेल. अर्थात पायाला डॉक्टरांनी बंदी घातली असेल तर हेही नाही, मग पाण्याच्या टेबलावर उभी राहा.

पाच हजारांचा मुद्दा खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. तू लिहिलं नाहीस, पण ते पैसे बुटांसाठीच हवे असणार. मॅडमना सरळ विचार: पहिल्या दोन महिन्यांत स्पाइक्स, म्हणजे ट्रॅकवरचे खिळ्यांचे बूट, लागतील का? बहुतेक नाही म्हणतील. मग आत्ता एकच साधा, चांगला पळायचा जोड लागेल आणि तो आत्ताच घ्यायचा, म्हणजे इथल्या मातीत तो पायाला बसेल. नव्या गावात नवे बूट घालून पहिल्या दिवशी ट्रॅकवर उतरू नये. पैसे कमी पडत असतील तर मामाकडे, काकाकडे, सरांकडेही उसने मागायला लाजू नकोस. डॉक्टर आणि एमआरआयचा खर्च बुटांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

प्रशिक्षक बदलण्याचं एवढं ओझं घेऊ नकोस. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर स्पर्धेत उतरला. तिथले प्रशिक्षक अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेजकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळवलं, मधे काही काळ तो परदेशी प्रशिक्षकाकडे गेला, जमलं नाही, आणि परत अमरीश कुमारांकडे आला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक घेतलं, सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदानं हुकलं. जाता येतं, परत येता येतं. एकाच आठवड्यात दोघांचं करता येत नाही, इतकंच.

पंधराशे की तीन हजार हा प्रश्न तू मला विचारलास याचं खरं तर आश्चर्य वाटलं, कारण उत्तर तुझ्याच तालुक्यात आहे. मोहीची ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याचं पळाली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली. आणि त्यानंतर नाव केलं ते तीन हजार मीटर स्टीपलचेजमध्ये. ती लहान असताना महिलांची स्टीपलचेज ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती आली २००८ साली, बीजिंगला. २०१६ ला रिओमध्ये तिनं प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय बाई तिथे पोचली ती माणची. तेव्हा अठराव्या वर्षी शर्यत ठरवायची घाई नको. मॅडम तुला दोन्ही पळवतील, एखाद्या दिवशी अडथळ्यांवरून उडी मारायला लावतील. मार. पाण्याच्या उडीला घाबरून पहिल्यांदा सगळ्याच भिजतात.

सगळ्यात मागे राहशील का? बहुतेक राहशील. पहिले काही आठवडे तरी शेवटच्या दोघी-तिघींत असशील. गावात तू एकटी पुढे पळायचीस, पुढे कुणी नसताना वेग ठरवणं सोपं असतं. आता पुढच्या मुलीच्या पाठीवर नजर ठेवून पळायचं शिकशील, आणि तीन हजारचं टायमिंग त्यानंच खाली येतं. एकच पथ्य: सावकाशच्या दिवशी पुढच्या मुलींच्या मागे लागायचं नाही. तुझा सावकाश वेग त्यांच्यापेक्षा कमी आहे, तर तू मागे पळ. ग्रुपमधली भांडणं आणि दुखापती दोन्ही याच एका हट्टातून होतात.

बाबांची गाडी. पोरीची लाज मला कळते, आणि बाबांची काळजीही. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर कुत्री असतात, ट्रक असतात, आणि थांबून बघत राहणारी माणसंही असतात. पुण्यात तू ग्रुपबरोबर पळशील, तिथे हा प्रश्न वेगळा आहे. पण बाबांनी अचानक झोपून राहावं अशी अपेक्षा करू नकोस. त्यांना गाडी मागे ठेवण्याऐवजी पुढे न्यायला सांग. मारुतीच्या देवळापाशी किंवा फाट्यावर जाऊन थांबायचं, आणि उजाडल्यावरचे शेवटचे दोन किलोमीटर तू एकटी पळत तिथे पोचायचं. दिव्याचा झोत पाठीवर नसताना पळायची तुला सवय होईल, आणि तू दिसत नसतानाची दहा मिनिटं काढायची त्यांना होईल. त्यांना यातलं दुसरं जास्त अवघड जाणार आहे. त्यांच्यावर चिडू नकोस.

झोपेचं. प्रत्येक गोष्ट शेवटची आहे असं तू धरून बसलीस, पण तसं काही नाहीये. स्वारगेटला एसटीत बसलीस की त्याच दिवशी तू आईच्या स्वयंपाकघरात असशील. गणपतीला येशील, दिवाळीला येशील. पहिला महिना मात्र येऊ नकोस, नाहीतर तिथलं अंथरूण कधी आपलं वाटतच नाही. रात्री नऊनंतर मोबाईल आईच्या खोलीत ठेव. आणि भाकरी बघून रडू येतंय ना, तर परातीपाशी तूच बस. तुला भाकरी येत नसेल अशी मला दाट शंका आहे, शाळा आणि ग्राउंड यात शिकायला वेळ कधी मिळाला? बाजरीचं पीठ मळता येणारी मुलगी होस्टेलच्या वाईट दिवसांत उपाशी राहत नाही.

दोन गोष्टी तू विचारल्या नाहीस, तरी सांगते. निघण्याआधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. पहिलं म्हणजे हातातलं लोह आणि दुसरं साठ्यातलं. पळणाऱ्या मुलींचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन बारा दिसतं म्हणून सगळे निर्धास्त राहतात, आणि टायमिंग मात्र विनाकारण घसरत जातं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्यायच्या. जेवणाबरोबर चहा घेत असशील तर तो तासभर पुढे ढकल, चहानं लोह अंगी लागत नाही. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ. आणि पुण्यात सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर काही मुली म्हणतील, बरं झालं, कटकट गेली. बरं होत नाही. पळणं वाढलं आणि त्यामानानं जेवण कमी पडतंय, असं शरीर सांगत असतं, आणि त्याचा पहिला फटका हाडांना बसतो. तीन महिने वाट बघू नकोस, दुसरा महिना चुकला की मॅडमना सांग आणि डॉक्टरांकडे जा. मॅडम बाई आहेत, हे बोलणं सोपं जाईल.

दुसरी: कुणी सीनियरनं, कितीही जवळची असली तरी, 'रिकव्हरीची' म्हणून दिलेली गोळी, डब्यातली पावडर किंवा इंजेक्शन घ्यायचं नाही. उत्तेजकांच्या तपासणीत काही निघालं तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही, अंगात सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. साध्या सर्दी-खोकल्याच्या औषधाचा डोस घ्यायचा असला तरी मॅडमना विचारून.

बॅगेत जुनी वर्तमानपत्रं टाक. हसू नकोस. पुण्याचा पाऊस तुमच्याकडच्यासारखा येऊन जात नाही, जुलैत दिवसेंदिवस भुरभुरत राहतो, बूट वाळत नाहीत. आल्या आल्या आतलं तळ काढायचं, बुटात कागद कोंबायचे, तासाभरानं बदलायचे. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. हीटरजवळ किंवा इस्त्रीखाली वाळवायला जाशील तर गोंद सुटेल.

आणि लाडू. होस्टेलला चालतात, उत्तम चालतात, हळिवात लोह भरपूर. फक्त आजीला सांग की ओल्या नारळाचे नको, दमट हवेत ते दोन-तीन दिवसांत आंबतात. सुकं खोबरं, गूळ, भरपूर तूप, डबा घट्ट झाकणाचा. दुपटीनं करायला सांग. पहिल्या रात्री डबा उघडलास की खोलीतल्या सगळ्या पोरी येणार, आणि न देऊन चालणार नाही.